बसायचं का, भावा?

‘बसणे’ हे मराठीतलं क्रियापद एकेकाळी किती साधंसुधं होतं! पाटावर बसायचं, परीक्षेला बसायचं, एसटीत खिडकीजवळ बसायचं. आता शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर ‘बसायचं का?’ एवढाच मेसेज येतो आणि कशाला, हे कुणी विचारत नाही. कितीजण आहोत, एवढाच काय तो प्रश्न उरतो. ‘घेणे’चंही तेच. ‘तू घेतोस?’ असं कुणी विचारलं, तर ‘काय?’ असा उलटा प्रश्न कुणी करत नाही.

घाबरू नका. दारू सोडा, असं सांगायला मी आलेली नाही. तुम्ही कमावते आहात, स्वतःचे ईएमआय स्वतः भरता, तुमच्या वीकेंडचा हिशेब मागणारी मी कोण? आजचा विषय तुम्ही नाहीच. आजचा विषय आहे तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर गप्प बसलेला तो पोरगा. वय पंधरा ते अठरा. कुणाचा तरी चुलतभाऊ, कुणाचा भाचा, नाहीतर गल्लीतला कुणीतरी ‘छोट्या’. त्याला कुणी ‘बसायचं का?’ असं विचारलेलं नसतं. त्याला फक्त बर्फ आणायला सांगितलेलं असतं.

बर्फ आणणारा पोरगा

गेल्या हिवाळ्यात नात्यातला एक साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी मळ्यात रस्स्याचा बेत. कोल्हापुरात याला निमित्त लागत नाही आणि मिळालं तर सोडायचं नसतं. चुलीवर मटण रटरटतंय, एकीकडे तांबडा, एकीकडे पांढरा, बायका भाकरीच्या परातीभोवती. आणि जरा लांब, आंब्याखाली, पुरुषांची ‘दुसरी पंगत’. तिथला एक सोळा वर्षांचा भाऊ मी संध्याकाळभर बघत होते. आधी तो बर्फ आणायला गेला. मग सोडा. मग चकणा कमी पडला म्हणून शेंगदाणे आणि फरसाण. तिन्ही फेऱ्या बाइकवर, लायसन नसताना. मग ग्लास विसळले. मग कुणाला किती पाणी, कुणाला किती सोडा, हे त्याला पाठ झालं. नऊ-साडेनऊला कुणीतरी म्हणालं, ‘घे रे एक घोट, मोठा झालास आता.’ सगळे हसले. तोही हसला. झालं. याला व्यसनाची सुरुवात वगैरे म्हटलं तर तिथल्या प्रत्येकानं मला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मोठ्या दादाला विचारलं, ‘दादा, अरे तो सोळा वर्षांचा आहे.’ दादा शांतपणे म्हणाला, ‘अगं, घरच्यांसमोर घेतलेली बरी की. बाहेर जाऊन कायतर उद्योग करण्यापरीस आमच्या डोळ्यासमोर हाय न्हवं?’

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पटण्यासारखं वाटतं. त्यात प्रेम आहे, काळजी आहे, वर मॉडर्नपणाही आहे. पण खरं आहे का? ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न घेऊन संशोधकांनी १,९२७ शाळकरी मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. घरच्यांनी दिल्यामुळे मुलं सांभाळून प्यायला शिकतात, याचा काही पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांना घरातून मिळत होती, ती मुलं पुढे बाहेरूनही मिळवण्याची आणि एका बैठकीत बेसुमार पिण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे डोळ्यासमोर दिलेली दारू डोळ्यासमोर थांबत नाही. तिला घरातून परवानगीचा शिक्का मिळतो, एवढंच.

आणि वयाचा मुद्दा निव्वळ नैतिक नाही. आपला मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पुढचा-मागचा विचार करून स्वतःला थांबवणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. ब्रेक बसवायच्या आधी गाडी रस्त्यावर काढण्यासारखंच आहे हे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चौदा किंवा त्याआधीच प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. या फरकामागे घर, परिस्थिती, आनुवंशिकता अशी इतर कारणंही असतात. पण पहिला घोट चार-पाच वर्षं पुढे ढकलणं हे आपल्या हातात आहे. आनुवंशिकता नाही.

पाच रुपयांचा परवाना

आता जरा कायदा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट आहे २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. वर परवानाही लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांना आणि देशीचा दोन रुपयांना! अनेकांना हे माहीतच नसतं. म्हणजे कागदावर बघितलं तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरांच्या फेअरवेलला रमची बाटली उघडूच शकत नाही. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हीही जाणता.

अठराच्या खालच्यांसाठी मामला आणखी गंभीर आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सांगतं, की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘विकणाऱ्याला’ नव्हे, ‘देणाऱ्याला’. शब्द नीट वाचा. त्यात दुकानदार येतो, तसाच ‘घे रे एक घोट’ म्हणणारा काकाही येतो.

पण कायदा पोचतो कुठं? १९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं एका बाइकला उडवलं. बाइकवरचे दोघेही गेले. दोघेही आयटीतले इंजिनिअर, वय चोवीस. म्हणजे आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच नोकरीसाठी घर सोडून आलेले, मित्रांना भेटून परत निघालेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो मुलगा त्याआधी मित्रांबरोबर दोन ठिकाणी बसला होता. पुढे निबंध लिहायच्या अटीवर झालेला जामीन, बदललेले रक्ताचे नमुने, हे सगळं देशभर गाजलं. राग त्या मुलावर निघाला आणि ते स्वाभाविकही होतं. पण त्या रात्री त्याच्या वाटेत किती मोठी माणसं आली ते मोजा. किल्ली होती ती माणसं, टेबल देणारी माणसं, ऑर्डर घेणारी माणसं, बिल करणारी माणसं. त्यातला एकही जण ‘नाही’ म्हणाला असता, तर?

आपल्याकडे असं काही नाही, असं कोल्हापूरकरांनी म्हणायचं कारण नाही. २०२४ च्याच फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी मेफेड्रॉनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा तपासाचा धागा कुरकुंभच्या कारखान्यात आणि आपल्या शेजारच्या सांगलीतल्या कुपवाडमध्ये निघाला. दारू ही बहुतेकांसाठी पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या आता फारशा लांब राहिलेल्या नाहीत.

आकड्यांत सांगायचं तर केंद्र सरकारनं दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दहा ते सतरा वयोगटातली १.३ टक्के मुलं दारू घेणारी आढळली. टक्केवारी किरकोळ वाटते ना? मुलांची संख्या होते सुमारे तीस लाख! आणि एक गोष्ट तर मला हादरवूनच गेली. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, असल्या हुंगायच्या नशेत मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त निघालं. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७. ज्या वस्तू स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यांचीच नशा.

२६ जून, दोन कार्यक्रम

मग उपाय काय? आपला ठरलेला उपाय म्हणजे व्याख्यान. शाळेत पाहुणे येतात, काळी पडलेली फुप्फुसं पडद्यावर दाखवतात, ‘मी शपथ घेतो की’ होतं, पोरं घरी जातात. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गावर जाऊन नशेविरुद्ध धडे द्यायचे. देशभर पसरला, टी-शर्ट निघाले. नव्वदीच्या दशकात संशोधकांनी हिशेब मांडला, तर मुलांच्या पिण्यावर टिकाऊ परिणाम जवळपास नव्हताच. मुलांना माहिती कमी नसते हो. त्यांच्याकडे संध्याकाळ रिकामी असते.

आपल्या कोल्हापुरात दरवर्षी २६ जूनला एक गंमत होते. जगभर हा दिवस अमली पदार्थविरोधी दिन, संयुक्त राष्ट्रसंघानं १९८७ मध्ये ठरवलेला. आणि आपल्यासाठी हाच दिवस राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा. जन्म २६ जून १८७४. सकाळी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार, आणि शाळा-कॉलेजात व्यसनमुक्तीची पोस्टरं. दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी, एकाच शहरात. आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

संबंध आहे. सांगते. त्यासाठी आधी जरा लांब जाऊन यावं लागेल. पार आइसलँडला!

१९९८ मध्ये आइसलँडमधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं, गेल्या महिन्यात तुम्ही टुन्न झाला होता का? ४२ टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये हाच आकडा ५ टक्क्यांवर आला. मधल्या काळात तिथं काय झालं? व्याख्यानं नाही झाली. आधी त्यांनी मुलांना प्रश्न विचारले. जी मुलं पीत नाहीत, ती काय वेगळं करतात? उत्तरं अगदी घरगुती होती. ती आठवड्यातून तीन-चार वेळा कुठल्या तरी खेळाला किंवा क्लबला जातात. आई-वडिलांबरोबर त्यांचा वेळ जातो. शाळेत आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, असं त्यांना वाटतं. आणि रात्री उशिरापर्यंत ती बाहेर नसतात.

मग त्यांनी तेवढंच धरलं. खेळ, संगीत, नाच यांसाठी सरकारी पैसा. राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे छंदासाठी कुटुंबाला वार्षिक कूपन. तेरा ते सोळाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्यानं बाहेर राहायचं नाही. पालकांनी आपसात लेखी करार केले, अल्पवयीन मुलांना दारू द्यायची नाही आणि दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवायचं. वीकेंडला पालकच गटागटानं गल्ल्यांतून फिरायला लागले. काठ्या घेऊन नव्हे, नुसते गप्पा मारत! आणि पाहणी पुन्हा पुन्हा करायची, निकाल त्या-त्या शाळेला आणि वस्तीला कळवायचा. त्याच वर्षांत युरोपात इतरत्रही पोरांचं पिणं कमी झालं, त्यामुळे सगळं श्रेय या एका योजनेला देता येणार नाही. पण एवढी मोठी घसरण क्वचितच कुठं दिसली.

‘तो देश छोटा आहे गं’, असं म्हणाल. आहेच. २०१६ मध्ये आइसलँडची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत होती. आणि कोल्हापूर शहराची? २०११ च्या जनगणनेत साधारण साडेपाच लाख. म्हणजे तो अख्खा देश आपल्या पेठांमध्ये मावतो.

आपल्याकडं होतंच की!

आता शाहू महाराजांकडे. महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, देशभरातून पैलवान इथं आणले, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी रुजल्या त्या या वातावरणात. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलही उचलला. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० पासूनची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल… शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्म्या शहराचं घड्याळ थांबतं. बाहेरच्या माणसाला वाटतं हे क्लब आहेत. आपल्याला माहीत आहे, त्या पेठा आहेत.

तालमीत नेमकं काय होतं? पोरगा संध्याकाळी येतो. मातीत किंवा मॅटवर दोन तास घाम गाळतो. त्याचा खुराक काय, झोप किती, हे वस्तादाला माहीत असतं. दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी ‘पोरगं कुठं हाय?’ म्हणून घरी निरोप जातो. सिगारेटचा वास आला तर तो आईच्या आधी वस्तादाच्या नाकाला कळतो. पोराच्या आयुष्यात एक मोठा माणूस असा आहे, जो बाप नाही, मास्तर नाही, पण ज्याच्यासमोर मान खाली घालायला लागू नये असं त्याला मनापासून वाटतं. आइसलँडनं पैसे मोजून उभं केलं, ते हेच. आपल्याकडे ते शंभर वर्षांपासून गल्लीच्या तोंडाशी उभं आहे.

उगाच सोन्याचा मुलामा नको. तालमींची आजची अवस्थाही बघायला हवी. बऱ्याच ठिकाणी माती कोरडी पडलीय आणि बाहेर फक्त शुभेच्छांचे फ्लेक्स झळकतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढाऱ्यांच्या पाठोपाठ जो वास येतो, तो धुपाचा नसतो. सामन्यानंतरची हाणामारीही आपल्याला नवी नाही. आणि जिममध्ये ‘स्टॅमिना’च्या नावाखाली मेफेंटरमाइनची इंजेक्शनं पोचलीत. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब सावरायला डॉक्टर वापरतात ते औषध! भरतीची तयारी करणारी पोरं शॉर्टकट म्हणून ते घेतात. आणखी एक. तालीम मुख्यतः पोरांचीच राहिली. कोल्हापूरच्या मुली आता कुस्तीही खेळतात आणि फुटबॉलही, पण संध्याकाळी हक्कानं जाऊन बसावं असा कट्टा किती जणींना आहे? रिकामी संध्याकाळ तिलाही असते.

तरीही माझा मुद्दा राहतोच. आपल्याला सांगाडा नव्यानं उभारायचा नाही. त्यात माणसं हवी आहेत. आणि ती माणसं सध्या शुक्रवारी संध्याकाळी परमिट रूमच्या टेबलावर आहेत. म्हणजे आपण!

जरा विचार करा. सतरा वर्षांच्या पोराला बापाचं ऐकायचं नसतं, मास्तरांचं तर नाहीच. तो बघतो कुणाकडं? नोकरीला लागलेल्या, नवी बाइक घेतलेल्या, पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाऊन आलेल्या दादाकडं आणि ताईकडं. त्याच्या दृष्टीनं ‘मोठं होणं’ म्हणजे आपण. आपण ज्याला सेलिब्रेशन म्हणतो, त्याला तोही तेच म्हणणार. अप्रेझल झालं, बसू. ब्रेकअप झालं, बसू. इंडिया जिंकली, बसू. हरली, मग तर बसायलाच हवं. आनंद आणि दुःख दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर त्यानं दुसरं उत्तर शिकायचं कुणाकडून?

आडवी बाटली

समाजानं एकत्र यायचं म्हटलं, की शहरी माणसाला वाटतं हे गावाकडचं प्रकरण. थोडंफार खरंही आहे, कारण या बाबतीत गावाकडच्या बायका आपल्या कितीतरी पुढं आहेत. ‘आडवी बाटली’ ऐकलीय ना? २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू. आडवी बाटली म्हणजे बंद. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवी केली, तर दुकानाला टाळं. यात मेख अशी, की निम्मं मोजायचं ते मतदार यादीच्या, झालेल्या मतदानाच्या नव्हे. म्हणजे त्या दिवशी घरी राहिलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीलाच मत देते. म्हणून तर या बायका दारोदार फिरतात, रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठीही एक हत्यार आलंय. हाउसिंग सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं राज्य सरकारनं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. तेव्हा सोसायटीची मीटिंग ‘बोअर’ म्हणून टाळण्याआधी अजेंडा तरी वाचा.

पण दुकान बंद केलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. तरीही २०१६ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेला ‘मुक्तिपथ’ सुरू करावं लागलं. गावोगावी गट, बेकायदा विक्रीवर लक्ष, व्यसनी माणसांसाठी उपचार. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठलीसुद्धा. बंदी हवी की नको, यावर तुम्ही आणि मी रात्रभर भांडू शकतो. पण दोन्ही जिल्ह्यांकडं बघून एक नक्की कळतं. सरकार दुकान उघडतं किंवा बंद करतं. पोरावर लक्ष ठेवायचं काम गल्लीलाच करावं लागतं.

मग करायचं काय, बॉस?

फार काही नाही. नोकरी सांभाळून जमण्यासारखंच सांगते.

पहिलं, पुरवठा बंद. अठराच्या आतल्या पोराला बर्फ आणायला, सोडा आणायला, ग्लास भरायला पाठवायचं नाही. ‘एक घोट’ तर नाहीच. ग्रुपमधल्या एकानं जरी ‘अरे, पोरांसमोर नको’ म्हटलं, तरी बाकीचे गप्प बसतात. बघा करून. आणि तुमच्या आधारकार्डाच्या भरवशावर भाऊ वाइन शॉपसमोर उभा असेल, तर त्याला सरळ ‘नाही’ म्हणा. त्यानं दोन दिवस तोंड फुगवलं तरी चालेल.

दुसरं, आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. तुमच्या पेठेच्या तालमीत जा, फुटबॉलच्या प्रॅक्टिसला जाऊन उभे राहा. खेळता येत नसेल तर पोरांना इंटरव्ह्यूचं इंग्रजी शिकवा, एमपीएससीचे फॉर्म भरायला मदत करा, मुलींची टीम उभी करा. तेही नाही जमलं, तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घेऊन जा. समोर म्हैस, हातात धारोष्ण दुधाचा ग्लास आणि वर फेस. थर्टी फर्स्टला अंनिससारख्या संघटना दारूऐवजी दूध पाजायचे कार्यक्रम करतात, तेव्हा आपण हसतो. पण कोल्हापुरात तो कार्यक्रम रोज संध्याकाळी चालू असतो, विनाबॅनर.

तिसरं, दुसऱ्याचं पोर दिसलं तरी बोला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून. टपरीवाल्याला एकट्यानं बोललात तर तो ऐकणार नाही. पाच पालक आणि दोन दादा मिळून गेलात तर ऐकेल. त्यालाही त्याच गल्लीत राहायचंय.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एखादा पोरगा अडकलाच, तर त्याला दार उघडं ठेवा. रात्री एक वाजता त्यानं ‘दादा, मी प्यायलोय, गाडी चालवू नाही शकत, न्यायला ये’ असा फोन केला, तर आधी जाऊन घेऊन या. लेक्चर दुसऱ्या दिवशी, तेही छोटंसं. तो फोन करायची त्याला भीती वाटली, तर तो गाडी चालवतो. प्रकरण पुढं गेलं असेल, तर लपवू नका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’. व्यसन हा आजार आहे, आणि आजार झालेल्या पोराची कुणी चारचौघांत टिंगल करत नाही.

आमचा तो सोळा वर्षांचा भाऊ? त्याला मी विचारलं, त्या रात्री घेतलीस ती आवडली का रे? खांदे उडवत म्हणाला, ‘कडू होती ताई. पण पहिल्यांदाच सगळ्यांनी मला त्यांच्यात धरलं.’

यावर मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. त्याला दारू नकोच होती. त्याला मोठ्या भावांमध्ये जागा हवी होती आणि ती आपण ग्लासातून देऊ केली. ती जागा फुटबॉलच्या टीममध्ये देता येते, मळ्यात चुलीपाशी रस्सा ढवळायला देता येते, ट्रेकला पाठीवर सॅक देऊन देता येते. द्यायला फक्त माणूस लागतो.

तेव्हा येत्या शुक्रवारी एवढंच करा. मेसेज यायच्या आधी घरातल्या नाहीतर गल्लीतल्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोराला नाहीतर पोरीला फोन लावा आणि विचारा, आज संध्याकाळी काय करतोयस? ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर तासभरात त्याच्या दारात उभे राहा. बाकीचे मित्र वाट बघतील.